येळवशीची दुसरी भज्जी

सरूकाकू कधी मोठ्यानं हसत नाही. आमच्या गावातल्या बायका हसायला लागल्या की पलीकडच्या शिवारात ऐकू जातं, पण त्या घोळक्यात सरूकाकू असली तर ती पदर तोंडाशी धरून नुसती मान हलवते. रडण्याचंही तेच. तिचा सासरा गेला तेव्हा बाकीच्या सुना ऊर बडवत होत्या आणि ही चुलीपाशी बसून लोकांसाठी चहा उकळत होती. दगड आहे बाई, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो असेन, कारण गावात राहायचं तर चारचौघांबरोबर नावं ठेवायलाही जावं लागतं.

मी सिदू. अंबाजोगाईला माणसं नेणारी माझी जीप आहे, आणि माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझं रान सरूकाकूच्या रानाला लागून आहे. मध्ये एक बांध, त्यावर एक लिंबाचं झाड, आणि त्या झाडाखाली आमच्या दोन घरांची येता-जाता होणारी बोलणी. काकूचा नवरा रामहरीकाका गायीसारखा गरीब. मुलगा जीवन, आणि गेल्या उन्हाळ्यात चौसाळ्याकडून करून आणलेली त्याची बायको दिपाली. एवढंच घर.

या बाईचं काहीतरी वेगळं आहे हे मला बांधावरूनच कळायचं. जत्रेत हलगी घुमायला लागली, बायकांच्या अंगात यायला लागलं, की काकू लेकराचं निमित्त काढून घरी निघायची. लेकरू मोठं झालं तेव्हा गुडघ्याचं निमित्त काढलं. शिवरात्रीला कुणी भांगेचा पेला पुढं केला तर हात भाजल्यासारखी मागं सरायची. आणि रोज सकाळी विहिरीवर एकटीच काहीतरी पुटपुटायची. एकदा मी जवळ जाऊन ऐकलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, लेकाचं नाव, आज वार कोणता.

"काय काकू, हजेरी घेता का?" मी थट्टा केली.

ती पांढरीफटक पडली. "सिदू, तुझ्या पाया पडते. कुणाला सांगू नको."

नावं घेण्यात सांगू नये असं काय आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. ते सगळं तिनं मला नंतर दवाखान्यात सांगितलं, पण इथं आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या दिवशी तिच्यावर काय गुदरलं ते समजेल.

सरूकाकूची आई वेडी होती. निदान तिला तसं सांगितलेलं होतं. बाप लवकर गेला म्हणून मायलेकी दिंद्रुडच्या बाजूला मामाकडं राहायच्या. सरू सहा-सात वर्षांची असेल. एका दुपारी तिची आई अंगणात उभी राहिली आणि मेलेल्या नवऱ्याशी बोलायला लागली. चेहरा लालबुंद. हवेतून दोरा काढावा तशी बोटं चालत होती. पोटच्या पोरीला ओळखेना. अंगावरचं लुगडं फेडायला लागली तेव्हा लोक धावले. बाहेरचं आहे, म्हणाले. मामानं बैलाच्या दाव्यानं तिला गोठ्यात बांधलं. मिरच्यांची धुरी दिली, देवरुषी आणला, त्यानं झोडपलं. पुढं लोक म्हणायला लागले की झपाटलेलं तेवढं निघून गेलं, पण डोकं ठिकाणावर आलं नाही. कारण सोडली की ती मामाच्या अंगावर धावून जायची, शिव्या द्यायची. म्हणून पुन्हा बांधायचे. शेवटी गोठ्यामागची खोली तिला देऊन टाकली आणि बाहेरून कडी लावली.

सरूचं लग्न ठरवताना मामानं मुद्दाम लांबचं गाव पाहिलं आणि सांगितलं, पोरीची आई वारलेली आहे. लग्नाच्या दिवशी आई त्याच खोलीत होती. पुढं ती खरोखर गेली तेव्हा बाजारात भेटलेल्या माहेरच्या माणसानं कानात निरोप दिला. सरूकाकू भाजीची पिशवी घेऊन घरी आली आणि भाकरी थापायला बसली. सासरच्या लेखी तिची आई कधीच मेलेली होती. मग आता रडणार कशासाठी?

मामी तिला एकदा म्हणाली होती, "हे रक्तातच असतंय पोरी. संभाळून ऱ्हा." तेवढं एक वाक्य घेऊन ही बाई जन्मभर स्वतःच्या डोक्यावर पहारा देत बसली. जास्त हसलं तर? जास्त रडलं तर? आपल्याला वेड लागलं तर तेच दावं आणि तीच खोली. आणि जीवन पोटात राहिला तेव्हापासून तिला आणखी एक भीती लागली, की हे रक्त आता त्याच्यातही गेलं. रामहरीकाकाला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

आता येळवशीचं. पुण्याकडचे लोक विचारतात हे काय असतं, म्हणून सांगतो. मार्गशीर्ष संपताना जी अमावस्या येते ती आमच्या अंबाजोगाईच्या पट्ट्यात येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. रानात कडब्याची कोपी करायची, पाच दगडांना चुना लावून आत पांडव मांडायचे, आंबील शिंपत रानाला फेरी मारायची. मग जेवण. बाजरीचे उंडे, खीर, मडक्यात आंबवलेली आंबील आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे भज्जी. कांदाभजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि रानात मिळेल त्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली ती भज्जी. आणि त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, हा नेम.

त्या नेमामुळंच सगळं झालं. काकूच्या कोपीवर माणसं येत गेली. आमच्यात पंगतीला आधी पुरुष बसतात, मग पाव्हणे, मग लेकरं, आणि बायका शेवटी. काकूचा चुलतदीर बबनराव चार माणसं घेऊन आला आणि मडकं खरवडून गेलं. बायकांना भज्जी उरली नाही. येळवशीला भज्जी न खाता उठायचं नाही, म्हणून काकूनं सुनेला सांगितलं, "दिपाली, दाणे हायेत अजून. रानातला पाला आन जरा. येळवशीच्या भज्जीला समदं चालतंय, जे हिरवं दिसंल ते पडू दे."

दिपाली चौसाळ्याची. तिच्या माहेरी येळवस एवढी करत नाहीत, भज्जी तिनं पहिल्यांदाच पाहिली होती. सासू म्हणाली समदं चालतंय, तर समदं. ती शेणखताच्या ढिगाकडं गेली. तिथं चाकवतासारखा कोवळा पाला माजला होता, तो तिनं ओटीत खुडून आणला आणि दुसरी भज्जी रटरटली. ती खाल्ली फक्त दोघींनी. दिपालीनं भुकेपोटी पोटभर, आणि काकूनं चार घास, कारण तेवढ्यात बबनरावाला पाणी द्यायला उठली. मी माझ्या कोपीवर पोट फुटेस्तोवर जेवलो होतो, म्हणून त्यांच्याकडं नुसती आंबील प्यायलो. माझं नशीब.

उन्हं कलायला लागली होती. मी लिंबाखाली पडलो होतो. दिपाली भांडी घासता घासता उठली आणि झोकांडी गेली. आम्ही हसलो. जीवन म्हणाला, "आंबील चढली का गं?" ती हसली नाही. समोरच्या मोकळ्या रानाकडं बघत म्हणाली, "आप्पा, तुमी कवा आलाव? बसा की."

आप्पा म्हणजे तिचे वडील. ते चौसाळ्याला होते. तिथं कुणीही नव्हतं.

पोरीचा चेहरा शेकल्यासारखा लाल झाला होता, ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते. ती हवेतून काहीतरी उचलून ओटीत टाकत होती, पाला खुडावा तसं. जीवननं दंड धरला तर त्याच्याकडं बघून किंचाळली, "ह्यो कोण माणूस?" आणि रानातनं धावत सुटली, विहिरीच्या दिशेनं. विहिरीला कठडा नाही. मी आणि जीवननं तिला अगदी कडेला गाठलं. नखांनी तिनं माझा गाल ओरबाडला. एवढ्या थंडीच्या दिवसांत तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि घामाचा थेंब नव्हता.

बबनराव बघत उभा होता. त्यानं एकच शब्द उच्चारला. "धरलंय."

झालं. पाच-पंचवीस माणसं जमली. अमावस्या, नवी नवरी, खतापाशी एकटी गेलती, केस मोकळे होते. प्रत्येकाकडं कारण तयार. बबनराव म्हणाला, "बांधा हिला. इहिरीत उडी टाकंल. कासरा आन बे जीवन." एकाला मोटारसायकलवर देवरुष्याला आणायला पिटाळलं. कोपीजवळच्या चुलीवर मिरच्या टाकायच्या म्हणून कुणीतरी पिशव्या धुंडाळू लागलं. मी म्हणालो, दवाखान्यात नेऊ. बबनराव माझ्यावर खेकसला, "सुया टोचून भूत जातंय का? तू गाडी चालव, आमचं घर आमी बघतो." आणि खरं सांगतो, मी बाजूला झालो. आपण शहाणे असतो ते जीपमध्ये बसून. समोर एक पोर नसलेल्या बापाशी बोलत होती आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की तिथं कुणीतरी आहे.

या सगळ्यात सरूकाकू कुठं होती? कोपीच्या दाराशी, पदर डोळ्यांवर ओढून, खांबाला धरून बसली होती. सुनेजवळ आली नाही. आम्हाला वाटलं, घाबरली.

घाबरलेलीच होती, पण कशाला ते नंतर कळलं. तिचा घसा सुकून लाकूड झाला होता. उन्हाकडं बघवत नव्हतं. कानात हृदय धडधडत होतं. आणि समोरच्या बांधावर तिची आई बसली होती. दाव्यासकट. हात मांडीवर ठेवून, तिच्याकडं बघत. काकूनं डोळे मिटले, उघडले. आई तिथंच. तिनं सकाळची नावं घ्यायला सुरुवात केली. सरू. मग नवऱ्याचं नाव, आणि ते येईना. संसार केलेल्या माणसाचं नाव तिला येईना. लेकाचं म्हणून जे तोंडाला आलं ते मामाचं होतं.

आलं, असं तिला वाटलं. इतकी वर्षं थोपवलं ते आज आलं. आता फक्त कुणाला कळता कामा नये. पदराआड बसून राहायचं, बोलायचं नाही. सगळे दिपालीकडं बघतायत, आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही. रात्र पडली की घरी जाऊन पांघरूण घ्यायचं. हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. सुनेला बांधायची तयारी चालली होती आणि सासू लपून बसली होती.

मग कासरा आला. दिपालीला लिंबाच्या झाडाला टेकवून बबनरावानं मनगटाला पहिला वेढा दिला. ती पोर रडत होती, "आप्पा, सांगा की ह्यांला." चुलीवर मिरच्या पडल्या आणि ठसका पसरला.

सरूकाकू उठली. ती चालली कसली, लटपटत हवेला धरत आली. पदर खाली पडला होता, चेहरा दिपालीसारखाच लाल. डोळे बघून मी मागं सरकलो, कारण बुबुळ दिसतच नव्हतं, नुसतं काळं. तिनं बबनरावाच्या हातातला कासरा धरला.

"मलाबी दिसतंय," ती म्हणाली.

"काय दिसतंय?"

"माझी आई. त्या बांधावर बसलीया. तिला येड लागलं हुतं. तिला दाव्यानं बांधलं हुतं. लग्नात मेली म्हणून सांगितलं ते खोटं हुतं." जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढत होती. "माझं रक्त वाईट हाय. बांधायचं तर मला बांधा. पर तिच्यात माझं रक्त न्हाई. ती दुसऱ्याची लेक हाय. तिला का म्हणून व्हईल? तिला दवाखान्यात न्या."

रामहरीकाका तोंड उघडं टाकून बघत होता. भावकीसमोर, नवऱ्यासमोर, लेकासमोर तिनं जन्माचं झाकलेलं उघडं केलं होतं, आणि तेही स्वतःला वेड लागलंय असं समजून.

बबनराव सावरला. "म्हंजे दोघींलाबी धरलंय."

तिथं माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि बरं झालं गेली. दोघी. सासूचं रक्त सुनेत नाही, आणि घसा दोघींचा कोरडा, तोंड दोघींचं लाल. मी ओरडलो, "दोघींला एकदम धरायला भूत काय पंगतीला बसलतं का? काय खाल्लं ह्यांनी?" जीवननं दुसऱ्या भज्जीच्या मडक्याकडं बोट केलं. मी मडकं उचलून जीपमध्ये टाकलं. बबनराव आडवा आला तर त्याला ढकललं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. जीवननं कासरा सोडून बायकोला उचललं, रामहरीकाकानं काकूला. जीप खड्ड्यांतून उडत होती, मागं दिपाली वडलांना रस्ता सांगत होती, आणि काकू नवऱ्याचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुमी कोण?" काका प्रत्येक वेळी सांगत होता, "म्या रामहरी." त्याचा आवाज शेवटी शेवटी फुटायला लागला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी दोघींच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, कोणती भाजी खाल्ली. मडकं ठेवून घेतलं, नळी घालून पोट धुतलं, सलाईन लावलं. दिपालीचे हात त्यांनीही पलंगाला बांधले, मऊ पट्टीनं, सलाईन उपसू नये म्हणून. ते बघून काकूनं जी किंकाळी फोडली ती माझ्या कानात अजून आहे. जीवन रानात जाऊन खताच्या ढिगाजवळची खुडलेली रोपं उपटून घेऊन आला. काही चाकवत होता. उरलेला कोवळा धोतरा. फूल नाही, काटेरी बोंड नाही, नुसता चार बोटं पाला, तो घाईत कोण वेगळा ओळखणार? महादेवाला वाहतो तोच धोतरा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, या झाडाच्या पानातच तसं द्रव्य असतं, शिजवून जात नाही. नसलेलं दिसतं, असलेलं ओळखू येत नाही. आणखी उशीर झाला असता, किंवा विहिरीत गेली असती, तर पोर हाती लागली नसती.

पहिल्या दिवशी दिपालीनं कुणाला ओळखलं नाही. जीवन पलंगाच्या दांडीला डोकं टेकून बसला होता, उठवलं तरी उठेना. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसली आणि सगळ्यांकडं बघून लाजली. "मला लई भूक लागलीया," म्हणाली. आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. रामहरीकाका इडली आणायला धावला.

सरूकाकू त्याच्या आधीच शुद्धीवर आली होती. डॉक्टरीण बाई फेरीला आल्या तेव्हा तिनं विचारलं, "बाई, हे परत येतं का?"

"नाही. उतरलं की उतरलं."

"माणूस पयल्यासारखं हुतं?"

"अगदी पहिल्यासारखं. दोन-तीन दिवस जपायचं फक्त. तेवढा वेळ पेशंट स्वतःच्या ताब्यात नसतो."

बाई पुढं गेल्या. मला इतका आनंद झाला की मी काकूच्या पलंगावरच बसलो. "काकू, सुटलाव तुमी! रक्तात काय न्हाई. पाला हुता तो. तुमच्या आईचंबी असंच काय तरी झालं आसंल, कुणाला म्हाईत. येडंबिडं कुणी न्हाई तुमच्यात."

काकू खिडकीकडं बघत होती. पलीकडच्या पलंगावर सून इडली खात होती. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही.

"आई बांधावरचं काय बी खुडून खायची," ती म्हणाली. "मामाकडं आमच्या वाट्याला भाजी येत न्हवती. मला चटणी-भाकर द्यायची आन् आपण पाला शिजवून खायची."

"मग तेच."

"आसंल. न्हाईतर नसंल बी. आता कोण सांगणार?" मग माझ्याकडं न बघता बोलली.

"तिला बांधल्यावर दोन दिवस झाले हुते, सिदू. सकाळी म्या गोठ्याच्या दारात उभी हुते. ती गप बसली हुती. मला बघून म्हणली, सरे, दावं सोड गं. मला काय बी झालं न्हाई आता. लई भूक लागलीया."

"मग?"

"म्या मामीला सांगितलं. मामी म्हणली, ते असंच गोड बोलतंय. जवळ गेलीस तर तुलाबी धरंल."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"म्हणून म्या न्हाई सोडलं."